पंचामुखी परमेश्वर म्हणतात, पण ते पंच नेमतं कोण?

डावखुरा
काल पुन्हा एकदा गोलोव्किन आणि कनेलो या बॉक्सरांची पहिली लढत पाहिली, १६ सप्टेंबर २०१७ ची. बाराच्या बारा फेऱ्या, जागचा न उठता. शेवटी तीन जजांची कार्डं, म्हणजे गुणपत्रकं, वाचली गेली आणि इतक्या वर्षांनंतरही डोकं तितकंच फिरलं. डेव्ह मोरेटी ११५-११३ गोलोव्किन. डॉन ट्रेला ११४-११४. आणि अॅडलेड बर्ड ११८-११० कनेलो! म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या कनेलोच्या. निकाल बरोबरीचा.

बाईंनी कुठली लढत पाहिली, हे तेव्हा सगळ्या जगाने विचारून झालं. मला निराळं विचारायचंय. त्या खुर्चीवर त्यांना बसवलं कोणी? आणि बसवणाऱ्याचं त्यात काय होतं?

ज्यांना बॉक्सिंगची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी: व्यावसायिक लढतीत रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, एकदा खाली पडला तर ८. आतला रेफरी हल्ली बहुतेक ठिकाणी गुण देत नाही. मोजायचं काय, तर स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातलं पहिलं सोडलं तर बाकी सगळं पाहणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून तर डोळे कोणाचे हा प्रश्न.

अमेरिकेत जजना मान्यता देण्याचा अधिकार त्या-त्या राज्याच्या कमिशनचा, म्हणजे खेळावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा. पण किताबाची लढत असली की बेल्ट देणाऱ्या संघटना आपापली नावं पुढे करतात. काही कमिशनं ती मुकाट घेतात, नेवाडासारखी काही स्वतः ठरवतात. आणि मानधन, प्रवास, हॉटेल? प्रमोटरच्या, म्हणजे लढत भरवणाऱ्याच्या, खिशातून. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे मी कुणावर आरोप म्हणून म्हणत नाहीये. पाकिटं फिरतात असंही माझं म्हणणं नाही. पाकिटाची गरजच पडत नाही, हे म्हणणं आहे. जज काही महिन्याच्या पगारावर नसतो. मोठ्या लढतीचं बोलावणं येतं किंवा येत नाही. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याच्याविरुद्ध दोनदा कार्ड गेलं, तर कोणी रागावत नाही, चौकशी होत नाही. फक्त फोन वाजायचा थांबतो. हे ज्याला कळतं त्याला दहाव्या फेरीतली अटीतटीची चकमक कोणाची दिसेल?

माझा उपाय साधा आहे. वरच्या श्रेणीतल्या वीसेक जजांची यादी करा. दोन्ही बॉक्सरांच्या देशांचे वगळा. वजनाच्या दिवशी दोन्ही कॉर्नरच्या समोर चिठ्ठ्या टाकून तीन नावं काढा. मानधन कमिशनने द्यावं, प्रमोटरकडून आधीच भरून घेतलेल्या रकमेतून. संपलं. बोला.

घंटानाद
+१. सोबत व्हिटेकर-चावेझ घ्या, १९९३, सॅन अँटोनियो. चावेझच्या बाजूने भरलेलं अलामोडोम स्टेडियम. व्हिटेकरने त्याला अक्षरशः नाचवलं आणि दोन जजांचं ११५-११५. तिसऱ्याने ११५-११३ व्हिटेकर दिलं, तरी लढत बरोबरीत. चावेझ तोवर अपराजित होता, तो तसाच राहिला.

निळा कोपरा
घंटानाद, थांबा. तुमच्याच उदाहरणाने डावखुरांचा उपाय पडतो. बरोबरी देणाऱ्या त्या दोघांपैकी एक ब्रिटिश होता आणि एक स्विस. व्हिटेकरला जिंकवणारा तिसरा टेक्सासचाच. म्हणजे तटस्थ देशाचे दोघे घसरले आणि स्थानिक माणूस सरळ वागला. पासपोर्ट बघून प्रामाणिकपणा कळत नाही.

घंटानाद
हे लक्षातच आलं नव्हतं. पण त्या दोघांना इतक्या लांबून आणलं कोणी हा प्रश्न उरतोच ना? बेल्ट ज्या संघटनेचा तिने. पासपोर्ट तटस्थ असेल हो, बोलावणं तटस्थ नव्हतं.

डावखुरा
नेमकं हेच. धन्यवाद घंटानाद, माझं अर्धं टंकनकष्ट वाचवलेत.

रांगडा गडी
सरळ बोलू का? जज युजेनिया विल्यम्स, सी. जे. रॉस, बर्ड. तीन मोठे घोळ, तिन्ही बायका. योगायोग म्हणा हवं तर.

मृण्मयी
रांगडा गडी, म्हणते मी योगायोग, आणि कसा ते सांगतेही. ९ जून २०१२, पॅकियाओ-ब्रॅडली. सी. जे. रॉस यांनी ११५-११३ ब्रॅडली दिलं. त्याच रात्री, त्याच रिंगपाशी, ड्वेन फोर्ड यांनीही ११५-११३ ब्रॅडलीच दिलं. तो निकाल दोघांनी मिळून दिला. तुम्हाला नाव कोणाचं आठवलं? २००९ मध्ये ह्यूस्टनला डियाझ-मालिन्याजी लढतीत डियाझला ११८-११० देणारे गेल व्हॅन हॉय पुरुष. २०१८ मध्ये फ्युरी-वाइल्डर पहिल्या लढतीत वाइल्डरला ११५-१११ देणारे अलेहांद्रो रोचिन पुरुष. यादी आणखी लांबवू?

रांगडा गडी
फोर्डचं नाव खरंच आठवलं नाही. मागे घेतो.

मृण्मयी
असं कबूल करणारे इथे दुर्मिळ, त्याबद्दल आभार. बाकी २०१३ मध्ये मेवेदर-कनेलो ११४-११४ दिल्यावर रॉस बाजूला झाल्या, ते योग्यच झालं. ते कार्ड मी पण वाचवू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. डावखुरा, पॅकियाओ आणि ब्रॅडली दोघेही एकाच प्रमोटरचे होते, बॉब अॅरम यांच्या टॉप रँकचे. तुमचं 'ज्याची पोळी त्याची टाळी' तिथे कसं बसवाल? टाळी वाजवायची तर कोणासाठी? अॅरम यांनी स्वतःच नेवाडाच्या महाधिवक्त्यांकडे चौकशी मागितली, आणि त्यात गुन्हा काही सापडला नाही. डब्ल्यूबीओ या बेल्टवाल्या संघटनेने पाच जजांना ती लढत पुन्हा पाहायला लावली, पाचही जणांनी पॅकियाओला दिली. त्या रात्री दोन माणसं चुकली, इतकंच. प्रत्येक चुकीमागे हात शोधायची खोड चांगली नाही.

तिरकस
दोघेही एकाचे असले की मालकाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे पुन्हा लढत. ती २०१४ मध्ये झालीच. मी काही सुचवत नाहीये हो, मी फक्त कॅलेंडर वाचतोय.

वकीलसाहेब
अमेरिकी कायद्याबद्दल थोडं. १९९६ चा व्यावसायिक बॉक्सिंग सुरक्षा कायदा आणि त्यात २००० मध्ये झालेली मुहम्मद अली सुधारणा. रेफरी आणि जज कमिशनने मान्यता दिलेलेच हवेत, हे त्यात आहे. जजने या लढतीतून कुठून किती मोबदला आणि खर्च मिळणार हे कमिशनला लिहून दिल्याशिवाय त्याला मानधन घेता येत नाही, हेही आहे. म्हणजे उघड करा, एवढं सांगितलं. देणारा कोण असावा, नाव कोणी सुचवावं, याला हात लावलेला नाही. कायदा करताना जिथे खरं दुखतं तिथे फुंकर घालून सोडून देतात, त्यातला प्रकार.

ती सुधारणा यायला हवा कशाने तयार झाली तेही सांगतो. १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, होलिफील्ड-लुईस. तीन संघटनांचे बेल्ट पणाला आणि प्रत्येक संघटनेचा एकेक जज. क्रिस्टोडूलू ११६-११३ लुईस, ओ'कॉनेल ११५-११५, आणि आयबीएफ या संघटनेकडून आलेल्या युजेनिया विल्यम्स ११५-११३ होलिफील्ड. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबाने लुईसचे ३४८ लागले होते, होलिफील्डचे १३०. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयबीएफचे अध्यक्ष बॉब ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याबद्दल आरोपपत्र आलं. पुढे मुख्य आरोपांतून ते सुटले, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरले. त्या खटल्याचा या लढतीच्या कार्डाशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे ठळकपणे लिहितो, नाहीतर इथे लगेच दोन अधिक दोन पाच होतात.

जुना खेळाडू
विल्यम्स बाईंबद्दल एक गोष्ट राहिली. त्यांनी पाचवी फेरी होलिफील्डला दिली होती, ज्या फेरीत लुईसने त्याला दोरांना टेकवून बडवलं. नंतर टीव्हीवर पाहून त्या म्हणाल्या की ती लुईसची होती. लोक हसले. मी हसलो नाही.

मी हौशी बॉक्सिंगमध्ये अकरा वर्षं जजच्या खुर्चीत बसलो आहे, अगदी खालच्या स्तरावर. तुम्हाला टीव्हीवर दिसतं ते जजला कधीच दिसत नाही. दोर डोळ्यांच्या रेषेत येतात. कोपऱ्यातला खांब आडवा येतो. समोरच्याची पाठ तुमच्याकडे असली की ठोसा निघताना दिसतो, लागताना दिसत नाही. मग कान काम करायला लागतात. हातमोज्यावर अडलेला ठोसा आणि बरगडीवर बसलेला ठोसा यांचा आवाज वेगळा असतो, पण गर्दी ओरडत असली की सगळं एकच. गर्दी आपल्या माणसाच्या हवेत गेलेल्या ठोशालाही ओरडते. तीन मिनिटं संपली की गुण लगेच लिहून द्यायचे. विचार करायला वेळ नाही.

आता निवडीबद्दल. एकदा एका स्पर्धेत सकाळी आयोजकांपैकी एक जण आमच्या खोलीत आला. तब्येतीची चौकशी केली, सगळ्यांशी गोड बोलला, आणि जाताजाता म्हणाला, "आज आपला लाल कोपऱ्यातला पोरगा बघाच, काय तयारी केलीय त्याने." बस. पैसे नाहीत, धमकी नाही. दुपारी लाल कोपऱ्यातला पोरगा रिंगमध्ये आला तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो. दोघांपैकी ज्याच्याकडे तुम्ही बघता त्याचेच ठोसे तुम्हाला दिसतात. मी त्याला ती लढत दिली. बरोबर दिली की नाही हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावणं आलं. निळ्याला देणाऱ्या सहकाऱ्याला आलं नाही. असेल दुसरं काही कारण.

तेव्हा डावखुरा, तुमचं फोनबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण चिठ्ठी टाकल्याने 'आपला पोरगा' कानावर पडायचा थांबत नाही.

डावखुरा
जुना खेळाडू, दंडवत. असं कोणी लिहीत नाही. चिठ्ठीच्या बाजूने एवढंच म्हणेन की तुमची निवड सकाळी तासभर आधी झाली असती, तर आयोजकाला कोणत्या खोलीत जायचं ते कळलं नसतं. आणि पुढच्या वर्षीचं बोलावणं त्याच्या हातात नसतं.

निळा कोपरा
चिठ्ठीवर एवढा भरवसा ठेवू नका राव. रिओ ऑलिंपिक २०१६ आठवा. हौशी बॉक्सिंग आहे, पण मुद्दा तोच. त्याची चौकशी करणाऱ्या मॅकलारेन यांचा २०२१ चा अहवाल सांगतो की हेराफेरी नेमणुकीच्या पातळीवरच होत होती. कुठल्या लढतीला कोण बसणार हेच काही जणांनी मुठीत धरलं होतं, आणि तिथे ऐकणारी माणसं बसवली जात होती. कागदावर नियम होतेच की. रिओतल्या ३६ रेफरी-जजांपैकी एकालाही टोकियोला नेलं नाही. चिठ्ठ्या टाकणारा हात कोणाचा हे पाहिलं नाही तर तुमची वाटी आणि त्यातल्या चिठ्ठ्या नुसता देखावा.

अनाहूत
क्रिकेटने हे केलंच की. आधी यजमान देशाचे अंपायर असायचे, रोज बोंबाबोंब. १९९४ पासून कसोटीत एक तटस्थ, २००२ पासून दोन्ही तटस्थ आणि आयसीसीच्या पॅनेलवरचे, पगारी. यजमान मंडळाच्या मर्जीचा प्रश्नच मिटला. बॉक्सिंगला का जमू नये?

वकीलसाहेब
कारण क्रिकेटला एक आयसीसी आहे. व्यावसायिक बॉक्सिंगला चार बेल्टवाल्या संघटना, अमेरिकेत राज्यागणिक कमिशन, ब्रिटनमध्ये त्यांचं बोर्ड, आणि आता सगळ्यांना पाहुणे म्हणून बोलावणारा रियाध. पगार द्यायचा तर द्यायचा कोणी? अनाहूत, तुमची तुलना चांगली आहे, फक्त ती जिथे संपते तिथून आपला धागा सुरू होतो.

टिकटॉक घड्याळ
माणसं काढून टाका ना. डिसेंबर २०२४ ला उसिक-फ्युरी दुसऱ्या लढतीत प्रयोग म्हणून एआय जज होता. त्याने उसिकला ११८-११२ दिलं, तिन्ही माणसांनी ११६-११२. विजेता तोच.

जुना खेळाडू
यंत्राचा अनुभव आम्ही घेतलाय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला हरवलं, त्याची लाज वाटून १९९२ पासून बटणं आली. पाच जजांपैकी तिघांनी सेकंदाभरात एकत्र दाबलं तर गुण. काय झालं? अंगावरचे ठोसे कोणी मोजेनात, कारण तिघांना एकाच वेळी दिसायचे नाहीत. पोरं लांबून डोक्याला टिचकी मारून पळायला शिकली. शेवटी २०१३ मध्ये हौशीवालेही दहा गुणांच्या पद्धतीवर परत आले. यंत्र ज्याला मोजतं तसा खेळ बनतो.

आकडेमोड
निवड निवड काय करताय, संख्या वाढवा. तीन जजांत एक वेडं कार्ड म्हणजे तेहतीस टक्के लढत. गोलोव्किनच्या लढतीत एक त्याचा, एक बरोबरीचा, म्हणजे सगळं तिसऱ्या कार्डावर आलं. पाच जज बसवा, सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं कार्ड बाजूला काढा. ११८-११० आपोआप कचऱ्यात.

निळा कोपरा
आणि एकच असला तर? ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं रिंगमधला रेफरी एकटाच गुण द्यायचा. १९७१, कूपर-बगनर. पंधरा फेऱ्या, आणि हॅरी गिब्ज यांनी पाव गुणाने बगनरला दिली. पाव! कूपर देशाचा लाडका, गर्दी पेटली. पण एक होतं, कोणाला विचारायचं ते लोकांना माहीत होतं. गिब्ज यांनी दिली, गिब्ज उत्तर देतील. आज तिघांमध्ये जबाबदारी वाटून घेतली की कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मृण्मयी
हा खरा मुद्दा वाटतो मला, निवडीपेक्षा. नंतर काय होतं? २०११ मध्ये न्यू जर्सीने पॉल विल्यम्स-लारा लढतीनंतर तिन्ही जजांना अनिश्चित काळासाठी निलंबित केलं. २०२२ मध्ये जॉश टेलर-कॅटरॉलनंतर ब्रिटिश बोर्डाने टेलरला ११४-१११ देणाऱ्या इयान जॉन-लुईस यांची श्रेणी उतरवली. केलं की होतं. पण लारा आणि कॅटरॉल यांच्या नावापुढचा पराभव तसाच राहिला. जजची श्रेणी बदलते, निकाल बदलत नाही.

तिरकस
आणि दर चार फेऱ्यांनी गुण जाहीर करायची डब्ल्यूबीसी संघटनेची पद्धत? पारदर्शक, छान. पुढे असलेला शेवटच्या चार फेऱ्या सायकल चालवतो, म्हणजे नुसता पळत राहतो.

डावखुरा
सगळ्यांचं वाचलं. चिठ्ठीचा माझा हट्ट थोडा सैल करतो, टाकणारा हात कोणाचा हा निळ्या कोपऱ्याचा प्रश्न मला सुटलेला नाही. पाच जजांचं आकडेमोड यांचं म्हणणं पटतंय. पण एका गोष्टीवर मी अडून बसणार. मृण्मयींनी वर डियाझ-मालिन्याजीचा उल्लेख केला, ती गोष्ट पूर्ण सांगतो. डियाझ ह्यूस्टनचा, लढत ह्यूस्टनला. मालिन्याजी लढतीच्या आधीच जाहीरपणे ओरडत होता की या अधिकाऱ्यांपुढे मला न्याय मिळणार नाही. झालं तसंच, तिन्ही कार्डं डियाझची, त्यात ते ११८-११०. चारच महिन्यांनी तेच दोघे शिकागोत लढले. दुसरं शहर, दुसरे जज. ११६-१११, ११६-१११, ११६-१११. तिन्ही मालिन्याजी. माणूस चार महिन्यांत एवढा सुधारतो का?

मृण्मयी
सुधारू शकतो. दुसऱ्या लढतीत तो जास्त चांगला लढला हे मी पाहिलेलं आहे. पण पहिलीत ११८-११० नव्हतं, हेही पाहिलेलं आहे. तुम्हाला अर्धा गुण.

डावखुरा
गिब्ज यांच्यापेक्षा जास्तच दिलात!

जुना खेळाडू
एक सुचवू? सगळ्यांनी गोलोव्किन-कनेलो पहिली लढत आवाज पूर्ण बंद करून पाहा. फेरी संपली की थांबवून गुण लिहा, मागे जायचं नाही. आणि एकमेकांचं न वाचता इथे टाका.

(दोन दिवसांनी)

आकडेमोड
११५-११३ गोलोव्किन.

निळा कोपरा
११४-११४. मला स्वतःचाच राग येतोय.

मृण्मयी
११६-११२ गोलोव्किन. शेवटच्या तीन फेऱ्या कनेलोच्या, त्याबद्दल शंका नाही.

रांगडा गडी
११५-११३ कनेलो. मारू नका.

जुना खेळाडू
११५-११३ गोलोव्किन. दोन फेऱ्या नाणं उडवून दिल्यासारख्या होत्या. डावखुरा, तुमचं?

डावखुरा
समालोचनासकट पाहिली तेव्हा माझं ११७-१११ गोलोव्किन होतं. आवाज बंद करून ११५-११३. दोन फेऱ्या कुठे गेल्या ते शोधतोय.